औषधाला तुझं-माझं नसतं

कॅरी, १२ सप्टेंबर २००४

चि. अदितीस, मालिनीमामीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. घरात फोन आहे, चालूही आहे. पण फोन उचलला की तुझे मामा शेजारी येऊन उभे राहतात आणि कोणाशी बोलतेस असं विचारत राहतात. अदितीशी म्हटलं की अदिती कोण, इथून सुरुवात. सख्ख्या भाचीच्या कानावर ते पडायला नको वाटतं. लिहीत बसले की मात्र मी किराण्याची यादी करते आहे असं समजून गप्प बसतात.

गेल्या आठवड्यात मी अंघोळीला गेले तेवढ्यात हे गाडी काढून ऑफिसला गेले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली! कंपनीच्या फाटकावर नवा माणूस. त्याच्याशी हुज्जत घातली, की माझ्या गोळ्यांची बॅच खोळंबली आहे, मला आत सोड. त्याने यांच्या पाकिटातला नंबर बघून आमच्या जयला फोन लावला. जय अटलांटाहून रात्रीत ड्राइव्ह करून आला आणि आल्या आल्या गाडीच्या किल्ल्या खिशात घातल्या. डॉक्टरांनी आता निदान स्पष्टच सांगितलं आहे, अल्झायमर.

जयने इथून जवळच एक जागा बघून ठेवली आहे. अशाच माणसांना सांभाळतात तिथे. तो वाईट नाही गं, घाबरला आहे. ममा, इट्स नॉट सेफ, हे एकच वाक्य तो दोन दिवस म्हणत होता. मी म्हटलं, माझे हातपाय चालताहेत तोवर हे या घरातून हलणार नाहीत. शेवटी तडजोड झाली. डॉक्टर एका नव्या प्रयोगात यांचं नाव घालणार आहेत. औषधाचा गुण दिसला तर हे घरी राहतील, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाही दिसला तर मी हट्ट सोडायचा. म्हणजे आता माझं सगळं त्या औषधावर आहे.

आणि औषध कुठलं, तर कोलेस्टेरॉलचं! छातीत फुगा घालून माझी रक्तवाहिनी उघडली तेव्हापासून मी रोज घेते तेच. डॉक्टर म्हणाले, चाळिशी-पन्नाशीत ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त असतं त्यांना पुढे हा आजार जास्त झालेला दिसतो. यांचं तर कायमच जास्त. पण मी गोळ्या बनवतो, खात नाही, हे यांचं ब्रीद. तुझ्या आईला नागपूरला हे सांगितलं तर वन्सं म्हणाल्या, मग बरोबर आहे, तुझ्या तुपाने केलं हे. त्या बोलून मोकळ्या झाल्या, मी तुपाची बरणी फडताळात मागे सारली. वरणभातावर तूप मीच वाढत आले ना इतकी वर्षं? तू याच विषयात शिकते आहेस. आडपडदा न ठेवता सांग.

पत्राची वाट बघते. जेवत जा वेळेवर.

तुझी मालिनीमामी

*

स्टेट कॉलेज, २६ सप्टेंबर २००४

ती. मामीस, अदितीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन कॅम्पसच्या बसमध्ये बसले आणि दोन स्टॉप पुढे गेले. मामा मला सोडायला पहिल्यांदा इथे आला होता ते आठवलं. नऊ तास गाडी चालवून, मागच्या सीटवर तू दिलेला कुकर, आणि मला बस चुकू नये म्हणून तो स्वतः माझ्याबरोबर त्या बसने पूर्ण फेरी मारून आला होता. त्या माणसाला माझं नाव आठवत नाही हे मला अजून खरं वाटत नाही.

आधी तूप. आईला माझ्यातर्फे कोपरापासून नमस्कार सांग, पण तिचं ऐकू नकोस. ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त त्यांना आजार जास्त, हे काही पाहण्यांत दिसलं आहे, काहींत दिसलेलं नाही. दिसलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. मुळात रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जवळपास शिरतच नाही. मेंदू आपल्याला लागेल तेवढं स्वतः बनवतो, बाहेरचं घेत नाही. तू म्हणशील, म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक. अगदी तसंच! तरीही बाहेरच्या आणि आतल्याचा काहीतरी संबंध असावा असं वाटायला जागा आहे. जनावरांवरच्या प्रयोगात हे औषध दिल्यावर या आजारात मेंदूत साचणारा चिकट गाळ कमी झाला. आमच्या लॅबमध्ये मी डिशमधल्या पेशींवर तेच बघते आहे. माझ्या पेशींना गुण येतो गं. पण माझ्या पेशींना भाचीचं नाव लक्षात ठेवायचं नसतं.

प्रयोगात मामाला जरूर घाल. फक्त एक समजून घे. अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कुठली हे डॉक्टरांनाही माहीत नसतं, शेवटीच उघडतात. मामाने आयुष्यभर तसल्या गोळ्या बनवल्या, त्यामुळे तुला हे नवीन नाही.

माझी रूममेट यामिनी काल फोडणी करत होती, धुराचा अलार्म वाजला आणि सगळी इमारत पायजम्यात रस्त्यावर. तिने सर्वांना सांगितलं की हे रिसर्च होतं.

मामाला माझा नमस्कार, कोण अदिती विचारलं तरी.

तुझी अदिती

*

कॅरी, १९ डिसेंबर २००४

चि. अदितीस, मामीचे आशीर्वाद, आणि सोबत पार्सलात चिवडा. यामिनीला दे, म्हणजे ती फोडणीपासून लांब राहील.

तुझं पत्र यांना वाचून दाखवते. दर वेळी तितकंच आवडतं. फोडणीच्या प्रसंगाला रोज हसतात.

गोळ्या ऑक्टोबरात सुरू झाल्या. रोज सकाळी न्याहारीबरोबर एक. फरक म्हणशील तर उलटाच. थँक्सगिव्हिंगला जय आला, तेव्हा यांनी त्याला दुकानातला माणूस समजून टर्कीचा भाव विचारला. जय हसला, आणि मग गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ आला नाही. जाताना मला म्हणाला, समर, ममा. यू प्रॉमिस्ड.

आता गंमत सांगते. परवा न्याहारीला मी गोळी यांच्या तळहातावर ठेवली. नेहमी गिळतात, त्या दिवशी उजेडात धरून बघायला लागले. कड बघितली, नखाने खरवडली, जिभेच्या टोकाला लावली. पूर्वी घरी सँपल आणायचे तेव्हा अगदी असंच करायचे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, मालिनी, यात औषध नाही, नुसतं पीठ आहे. मालिनी म्हणाले गं! उन्हाळ्यापासून माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी मुद्दाम माझ्या बाटलीतली गोळी दिली. तीही चाटली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, ही खरी. सुंभ जळला पण पीळ गेला नाही. तीस वर्षांत गोळीच्या बाबतीत या माणसाचा शब्द खोटा ठरलेला मी पाहिला नाही.

म्हणजे आमच्या वाट्याला पीठ आलं. आणि पिठाने काय गुण येणार? उन्हाळा यायचा, जय यायचा, आणि पिठापायी हे घरातून जायचे. हे न्यायाचं आहे का, तूच सांग. मी फार विचार केला नाही. आमच्या घरात औषधाला तुझं-माझं कधी नव्हतंच. यांच्या खोकल्याचं उरलेलं मी प्यायले, माझं मलम यांच्या गुडघ्याला गेलं. आताही तसंच समज. याहून जास्त विचारू नकोस.

थंडीत कानाला बांधत जा. तुझ्या परीक्षेला माझी देवापुढे वात लावलेली आहे.

तुझी मामी

*

स्टेट कॉलेज, १६ जानेवारी २००५

ती. मामीस, शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, रागावू नकोस. पुढच्या आठवड्यात माझी मोठी परीक्षा आहे. पाच प्रोफेसर टेबलाच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या. चिवडा संपला. यामिनीचा दावा आहे की मी एकटीने संपवला.

मामाने तुझं नाव घेतलं हे वाचून मी लॅबमध्ये रडले आणि सगळ्यांना वाटलं माझ्या पेशी मेल्या. पण मामी, चाटून कोणालाच ओळखता येत नाही. गोळीवर वरून लेप असतो, तो तेवढ्याचसाठी असतो. तेव्हा पीठच आहे असं धरून चालू नकोस. मलमाचं आणि खोकल्याचं जे लिहिलं आहेस ते मला नीट कळलं नाही. परीक्षा झाली की फोन करते, तेव्हा सांग.

तिळगूळ इथे मिळत नाही, गोड मात्र बोलते आहे.

तुझी अदिती

*

कॅरी, ६ मार्च २००५

चि. अदितीस, मामीचे अनेक आशीर्वाद. परीक्षा पास झाल्याबद्दल तुझं तोंड गोड करायला मी तिथे हवी होते.

आज आनंदाची बातमी आहे. गुण येतो आहे, अदिती! मागच्या अंगणात लाल पक्षी येतो ना, त्याला हे काल चक्क कार्डिनल म्हणाले. परवा जेवताना म्हणाले, आमटीत गूळ कमी आहे. खरंच कमी होता. नळ बंद करायला विसरत नाहीत. दोन वेळा मला नावाने हाक मारली. मी कॅलेंडरवर त्या दिवशी कुंकवाचं बोट लावलं.

जयला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, दॅट्स ग्रेट, ममा, पण आवाजात ग्रेट काही नव्हतं. येऊ दे त्याला उन्हाळ्यात. डोळ्यांनी बघेल तेव्हा मानेल.

तू परीक्षेनंतर फोन केलास तेव्हा हे शेजारीच होते, त्यामुळे मला बोलता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर बोलायचंही नव्हतं. रागे भरली असतीस.

एवढंच की यांचे पाय फार दुखतात सध्या. मांड्या दाबून दिल्या तर ओरडतात. जिना चढताना मध्येच बसतात. मी तेल गरम करून चोळते. थंडीत बसून बसून आखडले असतील. लघवीचा रंगही गडद वाटला, म्हणून पाणी जास्त देते आहे. उन्हं पडली की फिरवून आणीन, मोकळे होतील.

तू ये एकदा. तुला ओळखतील, मला खात्री वाटते आहे.

सदैव तुझी मामी

*

स्टेट कॉलेज, ३ एप्रिल २००५

ती. मामीस, अदितीचा शि. सा. न.

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून लिहिते. वाचून फाडून टाकलंस तरी चालेल.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी बसस्टॉपवर होते. पाय, मांड्या, लघवीचा रंग हे वाचलं आणि मग खोकल्याचं औषध आणि मलम म्हणजे काय ते मला एकदम कळलं. तीन महिने उशिरा. ज्या विषयात मी डॉक्टरेट करते आहे त्यातला हा पहिल्या धड्यातला धोका आहे, की हे औषध प्रमाणाबाहेर गेलं तर स्नायू झिजतात आणि ती झीज मूत्रपिंडात अडकते. मी तुला फोन केला, तू रडत म्हणालीस की जयला सांगू नकोस. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून पहिला जयलाच लावला. मला दुसरं काही सुचलं नाही. मामाला त्याच दुपारी दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि डॉक्टरांना काय आणि किती ते कळायला हवं होतं. मामाची मूत्रपिंडं वाचली. मी पुन्हा तेच करीन. तरी तुझा विश्वास मोडला तो मोडलाच.

जय म्हणाला की प्रयोगाच्या लोकांनी मामाचा कोड उघडला. ते तुला त्याने सांगितलं आहे का मला माहीत नाही, पण तुला माझ्याकडून कळावं असं वाटतं. मामाची गोळी पिठाची नव्हती. खरी होती, पहिल्या दिवसापासून, तीही मोठ्या मात्रेची. तू तुझी त्यात भर घालत होतीस.

आणि स्वतः काही घेत नव्हतीस. तुझ्या छातीचा विचार एकदा तरी मनात आला का गं? तुझ्यावर ओरडावंसं वाटतं आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटतं, दोन्ही एकदमच.

दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

तुझी अदिती

*

कॅरी, १९ जून २००५

चि. अदितीस, आशीर्वाद.

शिव्या द्यायला तू काय केलंस? तू फोन केलास म्हणून हे आहेत. मी महिनाभर तुझ्यावर रुसले होते, मग लक्षात आलं की रुसायला दुसरं कोणी मिळत नव्हतं.

कोडचं जयने सांगितलं होतं. मी त्याला दोनदा विचारलं, की खरी असूनही हे मला विसरत होते? तो म्हणाला, येस, ममा. हे मालिनी म्हणाले तो दिवस औषधाचा नव्हताच, कशाचाच नव्हता, नुसता आला आणि गेला. मीच त्याला धरून बसले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी तर काडी यांच्याच घशात घातली.

यांना प्रयोगातून काढलं. दवाखान्यातून आल्यापासून जिना चढता येत नाही. दवाखान्याकडून एक बाई घर बघून गेल्या. सगळ्या खोल्या बघितल्या, औषधांचं कपाट बघितलं, माझ्याशी अगदी गोड बोलल्या आणि जाताना जयला म्हणाल्या की पेशंटची औषधं ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मी चहा गाळत होते, ऐकू आलं. जयने मला बोल लावला नाही. लावला असता तर भांडता आलं असतं. तो फक्त माझा रक्ताचा रिपोर्ट टेबलावर ठेवून बसला. माझं कोलेस्टेरॉल पार वर गेलं आहे, डॉक्टर माझ्यावरही रागावले. जय म्हणाला, आय कान्ट लूज बोथ ऑफ यू.

सोमवारी यांना जयने बघून ठेवलेल्या त्या जागी नेलं. मी बॅग भरली. मफलर घातला, दाढीचा ब्रश घातला. गाडीत बसल्यावर हे खूष होते. त्यांना वाटलं ऑफिसला चाललो आहोत. तिथल्या दाराला नंबरांचं कुलूप आहे. मी निघाले तेव्हा काचेतून हात हलवत होते. मला उन्हाळ्यापर्यंतची मुदत मिळाली होती आणि ती मी माझ्या हाताने संपवली.

तुझं शिक्षण थांबवू नकोस. कोणाला तरी कधीतरी उपयोग होईल.

मालिनीमामी

*

स्टेट कॉलेज, २० जुलै २००८

ती. मामीस, डॉ. अदितीचा शि. सा. न. वि. वि. पदवी लावून लिहायला मला लाज वाटते, पण तू फोनवर हट्टच धरलास.

सप्टेंबरपासून सांता क्लाराला नोकरी लागली आहे. विषय दुसराच आहे. यामिनीचं लग्न ठरलं, मुलगा स्वयंपाक करतो, हे तिने पत्रिका जुळण्याआधी विचारून घेतलं.

एक बातमी तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी कळवते. मामा ज्यात होता त्या प्रयोगाचा निकाल लागला. औषधाने सगळ्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं, छान उतरलं. आजारावर काही परिणाम झाला नाही. खरी गोळी घेणारे आणि पिठाची घेणारे, दोघेही सारख्याच वेगाने विसरत गेले. चाळिशीतल्या कोलेस्टेरॉलचा या आजाराशी संबंध असेलही, पण आजार सुरू झाल्यावर ते उतरवून हाती काही लागत नाही असंच दिसतं. मी चार वर्षं ज्या पेशींकडे बघत होते त्यांनी मला आशा दाखवली, आणि मी ती तुला पत्रातून पाठवली. मामी, तू काहीही केलं नसतंस तरी मामा तिथेच पोचला असता. हे वाचून तुझ्या मनावरचं ओझं थोडं उतरेल म्हणून लिहिते.

आता तरी स्वतःला बोल लावू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझी अदिती

*

कॅरी, ३ ऑगस्ट २००८

चि. डॉ. अदितीस, मामीचे भरघोस आशीर्वाद. सांता क्लाराला पोचलीस की आधी पत्ता कळव, आणि पहिल्या दिवशी दूध उतू घालायला विसरू नकोस.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ओझं उतरेल म्हणालीस, ते काही उतरलं नाही. इतके दिवस मला वाटायचं की औषध होतं आणि मी माती केली. रागवायला मी तरी होते. आता तू म्हणतेस की औषध नव्हतंच. मग मी कोणावर रागवू? तुपावर नाही, गोळीवर नाही, जयवर नाही, तुझ्यावर तर नाहीच. माझी गोळी मी रोज घेते. जय रोज फोन करून विचारतो. माझे आकडे डॉक्टरांना एकदम पसंत आहेत, आणि त्याचं मी काय करू ते कळत नाही.

जय वीकएंडला आला की मला यांच्याकडे सोडतो, एरवी शेजारची रेखा नेते. तिथे माझ्या हातून यांना पाणीसुद्धा नर्सला विचारून द्यावं लागतं. तो नियम माझ्यामुळे लागला आहे, म्हणून मी निमूट विचारते.

काल गेले तेव्हा तुझ्या पदवीचं सांगितलं. मान हलवली, पण ऐकत होते ते माझ्या बांगड्या. मग मी नुसती बसून राहिले, तेही बसून राहिले, आणि बरं वाटत होतं. बाहेर ऊन उतरायला लागलं तसे हे अस्वस्थ झाले. उठले, माझी पर्स खुर्चीवरून उचलून माझ्या हातात दिली आणि अगदी अदबीने, अहो-जाहो करत म्हणाले, बाई, तुम्ही रोज इतक्या लांबून येता, फार बरं वाटतं, पण आता अंधार पडायच्या आत निघा, तुमच्या घरी तुमची वाट बघत असतील.

अदिती, लग्न झाल्यापासून या माणसाने मला कधी अहो म्हटलं नव्हतं.

मी बरं म्हटलं आणि निघाले. कुलपाच्या दारापर्यंत मला पोचवायला आले, हळूहळू, भिंत धरून. घरी वाट बघणारं कोणी नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. उगाच काळजी करत बसले असते.

तुला वेळ होईल तसं लिहीत जा, वाचणारी मी आहे.

तुझी
मालिनीमामी